महाराष्ट्र-जर्मनी: ड्रॉइंग तिकडून येतं, माल इकडून जातो. पुढे काय?

भोसरीकर

भाजीचा टेम्पो, गणपतीचा टेम्पो, घर बदलताना सामानाचा टेम्पो. हा शब्द मराठीत इतका मुरलाय की ते मुळात हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं नाव होतं, हे माझ्या शॉपमधल्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. ‘विडाल अँड झोन टेम्पो वेर्के’शी भागीदारी करून फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली. तिची ‘हान्सियात’ तीनचाकी रस्त्यावर आली आणि कंपनीचं नाव वाहनाला चिकटलं. कंपनीने २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, शब्द मात्र आपल्याकडेच राहिला.

महाराष्ट्र-जर्मनी संबंध म्हटलं की लोकांना मंत्री, पुष्पगुच्छ आणि सह्या दिसतात. मला ड्रॉइंग दिसतं. मी १९८४ साली औंध आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलो आणि पिंपरीतल्या एका जर्मन भागीदारीच्या कंपनीच्या टूलरूममध्ये लागलो. तेव्हा ड्रॉइंगची अमोनिया प्रिंट यायची. गुंडाळी उलगडली की डोळ्यांत पाणी यायचं. कोपऱ्यातल्या चौकटीत जर्मनमध्ये चार ओळी असत. त्या कुणाला वाचता येत नसत, पण आकडे सगळ्यांना वाचता येत.

१९९८ साली भोसरीत जे ब्लॉकमध्ये भाड्याच्या शेडमध्ये दोन जुने लेथ टाकून स्वतःचं काम सुरू केलं. आज तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटाईची यंत्रं) आहेत, चौदा माणसं आहेत. फिक्स्चर (जॉब धरून ठेवायची साधनं) आणि गेज (माप तपासायची साधनं) करतो. माझ्या कामातला निम्म्याहून जास्त माल कुठल्या ना कुठल्या वाटेने जर्मन गाडीच्या नाहीतर जर्मन यंत्राच्या पोटात जातो. म्हणजे या संबंधांवर माझं घर चालतं, हे आधीच सांगतो.

मला काय मिळालं तेही सांगतो. मार्च २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचं उद्घाटन झालं, त्याच्या आसपास एका मोठ्या पुरवठादाराचा जर्मन माणूस माझ्या शेडमध्ये आला. मी पहिला नमुना दिला होता आणि रिपोर्टमध्ये सगळी मापं बसत होती. त्याने माप किती आलं हे विचारलंच नाही. मापलं कसं, हे विचारलं. मग माझ्याच दोन माणसांना तोच जॉब दहा-दहा वेळा मापायला लावला. दोघांच्या आकड्यांत इतका फरक निघाला की मला घाम फुटला. मालात खोट नव्हती, आमच्या मापण्यात होती. संध्याकाळी सातपर्यंत तो स्टुलावर बसून माझ्या माणसांना शिकवत होता. माझ्या धंद्याची खरी सुरुवात त्या दिवशी झाली असं मी मानतो.

आता प्रश्न. चाळीस वर्षं आपण त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे माल करतोय, चांगला करतोय. ड्रॉइंगच्या त्या कोपऱ्यातल्या चौकटीत, ‘डिझाइन कुणाचं’ या रकान्यात, आपलं नाव कधी येणार? राज्य सरकार मोठ्या प्रकल्पांना एवढ्या सवलती देतं, त्यात ही गोष्ट कुठे मोजली जाते का? जाणकारांनी लिहावं. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी तर नक्की लिहावं.

मुळाकाठ

फार चांगला धागा. थोडा मागचा धागा जोडतो.

जर्मन इथे आले ते रिकाम्या माळावर आले नाहीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून खडकीत आहे. म्हणजे धातूवर हात चालवणारी माणसं इथे आधीच होती. मुंबई बंदर जवळ, रेल्वे दारात, पवनेचं पाणी. दापोडीच्या जुन्या मुंबई रस्त्यावर स्वीडिश कंपन्या आल्या, पंप करणारी जर्मन केएसबी १९६० मध्ये पिंपरीत आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि १९६४ मध्ये उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) डाइम्लर-बेंझबरोबरचा ट्रकचा करार १९५४ मध्ये केला तो जमशेदपूरसाठी, पण पुढे त्या शिस्तीत तयार झालेली माणसं पिंपरीच्या कारखान्यात आली. मर्सिडीजने भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली तीही १९९५ मध्ये, टेल्कोच्याच आवारात. स्वतःचा चाकणचा कारखाना नंतर, २००९ चा.

सांगायचा मुद्दा: या सगळ्यात राज्याने जमीन, पाणी, वीज आणि कर एवढंच पाहिलं. माणूस कसा घडतो ते कारखान्यांवर सोडून दिलं. भोसरीकर जे विचारताहेत त्याची पाळंमुळं तिथे आहेत, असं मला वाटतं.

अर्थवेध

आकड्यांच्या बाजूने थोडं.

पहिली गोष्ट, जर्मन गुंतवणूक किती, हे सरकारी तक्त्यात पाहू नका. बऱ्याच युरोपीय कंपन्या भारतात पैसा नेदरलँड्स किंवा सिंगापूरमधल्या कंपनीमार्फत आणतात आणि तक्त्यात तो त्या देशाच्या नावावर पडतो. दुसरी गोष्ट, ऑक्टोबर २०१९ च्या आधी राज्यवार आकडे रिझर्व्ह बँकेच्या विभागीय कार्यालयांप्रमाणे नोंदले जात. मुंबई कार्यालयाच्या खात्यात महाराष्ट्राबरोबर दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही होते. त्यानंतर राज्यवार नोंद सुरू झाली आणि देशातल्या थेट परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्राचा वाटा सुमारे ३० टक्के दिसतो. पण त्यात कंपनीची नोंदणी मुंबईत आणि कारखाना भलतीकडे, असं बरंच आहे. पुण्याच्या पदरात नक्की काय पडलं, हे त्या आकड्यावरून कळणार नाही.

तिसरी, आणि लोक विसरतात ती. परदेशाशी व्यापाराचा करार राज्य करू शकत नाही. आयातशुल्क दिल्ली ठरवते आणि पलीकडच्या बाजूला ब्रुसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, ठरवतं, बर्लिनसुद्धा नाही. भारत-युरोपीय संघ वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. एवढ्या वर्षांत महाराष्ट्राला त्या टेबलावर खुर्ची नव्हती. भारत-जर्मनी गुंतवणूक संरक्षण करार १९९५ चा होता, तो २०१७ मध्ये भारताने संपवला. तोही निर्णय दिल्लीचाच.

मग राज्याच्या हातात काय उरतं? जमीन, सवलत, कौशल्य आणि ओळखीपाळखी. बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी महाराष्ट्राची भागीदारी २०१५ मध्ये झाली ती या चौकटीतली. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनीशहरं आहेत. हे करार बिनकामाचे नाहीत. दार उघडून देणं एवढंच त्यांचं काम आहे. आत जाऊन काय मागायचं हे आपण ठरवायचं.

खेड_तालुका

मी चाकणच्या निघोज्याजवळचा. माझ्या वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली. कांदा-बटाटा करणारं घर. चाकणच्या बाजारात आमचा कांदा जायचा.

मोबदला मिळाला, खोटं कशाला बोलू. माझ्या धाकट्या भावाने त्यातून दोन बस घेतल्या आणि कामगार ने-आण करतो, त्याचं बरं चाललंय. पण चुलतभावाचा पैसा पाच वर्षांत संपला. कंपनीत आमच्या गावातली पोरं लागली ती बहुतेक कंत्राटी. वर्ष-दोन वर्षं झाली की गेटबाहेर, मग दुसऱ्या कंत्राटदाराकडे. जर्मन मालक आहे की कोरियन, हे आमच्या पोरांना टोपीवरच्या नावावरून कळतं, पगारावरून नाही.

आणि चाकणचा तळेगाव चौक. सकाळी साडेसातला तिथे उभं राहून बघा. एवढी गुंतवणूक आली म्हणतात आणि तिचा माल रोज त्याच चौकात दोन-दोन तास उभा असतो. रुग्णवाहिकाही उभी असते. करार करायला येणाऱ्यांना एकदा त्या वेळेला त्या रस्त्याने आणायला हवं.

श्टुटगार्टहून

मूळचा सदाशिव पेठेतला, गेली अकरा वर्षं इथे. यंत्रं बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत आहे.

बाडेन-व्युर्टेमबर्गची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख आहे, महाराष्ट्राच्या साधारण दहावा हिस्सा. क्षेत्रफळ ३५,७५१ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचं ३,०७,७१३. एवढ्याशा मुलखात मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश आहेतच. पण मला इथे आल्यावर थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात, चर्चच्या मागे, एखादी तिसऱ्या पिढीची कंपनी असते. दोनशे माणसं. एकच वस्तू करते, समजा एखादा व्हॉल्व्ह किंवा चक. आणि त्या वस्तूत जगात तिला तोड नसते. तिच्या नावाचा फलकसुद्धा धड नसतो.

भोसरीत आणि या गावांत यंत्रं सारखी आहेत. काही वेळा भोसरीतली नवी असतात. फरक असा की इथल्या कंपनीकडे स्वतःची वस्तू असते आणि ती वस्तू सुधारण्यावर एक-दोन माणसं वर्षानुवर्षं बसलेली असतात. त्या माणसांना महिन्याचं टार्गेट नसतं. इथली बँकही गावातलीच असते आणि ती तीस वर्षं त्या घराला ओळखते. आपल्याकडच्या जॉबवर्कवाल्याला साठ-नव्वद दिवसांनी बिल मिळत असेल, तर तो सुधारणेवर माणूस बसवणार कुठून?

अजून एक. ही घरची माणसं भागीदार निवडायला फार वेळ घेतात. दोन-तीन वर्षं नुसती येतात, जेवतात, बघतात. आपल्याकडचे लोक तेवढ्यात कंटाळून जातात. कंटाळू नका, एवढंच सांगतो. एकदा जमलं की मोडत नाही.

हिंजवडीफेज३

भोसरीकर काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडी असहमती.

डिझाइन इथे होत नाही, हे आता पूर्ण खरं नाही. जानेवारी २०१९ मध्ये स्कोडा-फोक्सवॅगनने चाकणला तंत्रज्ञान केंद्र सुरू केलं. ‘इंडिया २.०’ साठी १ अब्ज युरो घातले. कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस या गाड्या ज्या प्लॅटफॉर्मवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) आहेत, तो भारतासाठी बदलण्याचं बरंच काम इथल्या इंजिनिअरांनी केलंय. स्थानिक सुट्या भागांचं प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत नेण्याचं उद्दिष्ट होतं. मी स्वतः एका जर्मन कंपनीच्या पुणे कार्यालयात ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर काम करते. नऊ वर्षांपूर्वी आम्ही फक्त चाचण्या करायचो. आज एका पूर्ण मॉड्यूलची जबाबदारी आमच्या टीमकडे आहे आणि तिकडचे सहकारी आमच्याकडून मंजुरी घेतात. आमच्या टीममध्ये साताऱ्याची, बार्शीची, परभणीची मुलं-मुली आहेत.

ज्या चौकटीची तुम्ही वाट पाहताय, तिथे मराठी नावं यायला लागली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये चौकट दिसत नाही इतकंच.

बाकी रस्त्याबद्दल खेड_तालुका यांना अनुमोदन. हिंजवडीची अवस्था वेगळी नाही. शिवाजीनगरपर्यंतची २३ किलोमीटरची मेट्रो टाटा आणि सीमेन्सच्या भागीदारीतली आहे. म्हणजे जर्मन पैसा आमच्या डोक्यावरच्या खांबांतही आहे.

भोसरीकर

हिंजवडीफेज३, तुमचं म्हणणं मान्य. वाचून आनंद झाला, मनापासून. माझी माहिती अपुरी होती.

पण माझा मुद्दा लहान कारखान्याचा आहे. एक अनुभव सांगतो, मग कळेल. कंपनीचं नाव घेत नाही, त्याने काही साधत नाही.

एका ब्रॅकेटचं काम होतं. ड्रॉइंगमध्ये एक खाच अशी दिली होती की दोनदा सेटिंग बदलावं लागे. माझ्याकडचा सेटर (यंत्रावर जॉब लावून देणारा), बारावी नापास मुलगा, मला म्हणाला, साहेब, ही खाच चार मिलिमीटर सरकवली तर एकाच सेटिंगमध्ये होईल आणि इकडचं लोखंडही वाचेल. आम्ही नमुना करून दिला, ताकदीची चाचणी केली, कंपनीला कळवलं. सहा महिन्यांनी सुधारित ड्रॉइंग आलं. खाच सरकलेली होती. कोपऱ्यात बदलाचा क्रमांक होता, तारीख होती, तिकडच्या माणसाची सही होती. पुढच्या वर्षी तेच ड्रॉइंग माझ्यासकट चौघांकडे दरासाठी गेलं आणि दर कमी मागितला, कारण आता काम सोपं झालं होतं. ऑर्डर दुसऱ्याला गेली.

त्यांनी नियमाबाहेर काही केलं नाही. ड्रॉइंग त्यांचं, बदल सुचवायची जबाबदारी करारात माझीच होती. पण त्या मुलाने मला विचारलं, आपलं नाव कुठंय? मला उत्तर देता आलं नाही. तो पुढे सोडून गेला. आज रिक्षा चालवतो.

म्हणून मी हा धागा काढला. सवलतीच्या शासन निर्णयांत गुंतवणूक किती आणि नोकऱ्या किती हे मोजतात. पर्यवेक्षकांत ५० आणि इतरांत ८० टक्के स्थानिक हवेत अशी अटही आहे, आणि ती चांगलीच आहे. त्यापुढे एक ओळ वाढवायला हवी: इथल्या किती लहान पुरवठादारांबरोबर मिळून भाग विकसित केले, आणि त्यांचं बिल ४५ दिवसांत दिलं की नाही. सवलतीचा परतावा त्याला जोडा. कायद्यात ४५ दिवस २००६ पासून आहेत. आयकरातही एप्रिल २०२४ पासून अट आली आहे. परदेशी कंपन्या सहसा वेळेवर देतात. पैसा अडकतो तो मधल्या फळीत, आणि त्यात आपलीच माणसं आहेत.

सातपूरचा

आमच्या नाशकातही हेच. मायकोने (आताची बॉश) आमच्याकडे फिटर-टर्नरांच्या पिढ्या घडवल्या. चौकाचं नावसुद्धा मायको सर्कल आहे. त्यातून बाहेर पडून अनेकांनी शेड टाकल्या. स्वतःची वस्तू बाजारात आणणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

काका, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं.

डेर_डी_डास

मी गेली बावीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, बोट क्लब रोडवरच्या माक्स म्युलर भवनात परीक्षा दिल्या. या विषयात भाषेबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

भोसरीकर म्हणाले की चौकटीतल्या चार ओळी कुणाला वाचता येत नसत. त्या चार ओळींत बऱ्याचदा ‘कडा मोडून घ्याव्यात’, ‘अमुक भागाला रंग नको’ असं साधंच लिहिलेलं असतं. माझ्याकडे एक वर्कशॉपवाले गृहस्थ पंचावन्नाव्या वर्षी शिकायला आले. त्यांना संभाषण नको होतं, टीपा वाचायच्या होत्या. आम्ही चार महिने फक्त ड्रॉइंग वाचली. मला स्वतःला अर्धे शब्द माहीत नव्हते, दोघं मिळून शिकलो. माझ्या बावीस वर्षांतला तो सगळ्यात समाधानाचा वर्ग.

आता कुशल मनुष्यबळाच्या कराराबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग यांच्यात तो झाला, पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण पाठवायचे ठरले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक, हॉटेलातली कामं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. तिकडे माणसं खरोखर कमी आहेत, यात शंका नाही.

पण भाषा सरकारी आदेशाच्या वेगाने येत नाही. परिचारिकेला जर्मनची बी-वन (मधली), पुढे बी-टू (त्यावरची) पातळी लागते. रोज चार तास, तरी शून्यापासून बी-टूला वर्ष ते दीड वर्ष जातं. गावातून आलेल्या मुलीने तेवढे दिवस पुण्यात राहायचं कुठे आणि खायचं काय? माझ्याकडे अहमदपूरची एक मुलगी होती. नोकरी सोडून आली, बी-वन झाली, मग तिची पुढची प्रक्रियाच कुणी सांगेना. आठ महिने वाट पाहिली आणि घरच्यांनी लग्न ठरवलं. तिचं जर्मन माझ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा चांगलं होतं.

शिकवणाऱ्यांचीही वानवा आहे. बी-टू झालेला माणूस शिकवायला थांबत नाही, तो हिंजवडीला किंवा जर्मनीला जातो. जिल्ह्याजिल्ह्यांत वर्ग काढायचे तर आधी शिक्षक घडवायला पैसे घालावे लागतील. हे मी संबंधित बैठकीतही सांगितलं होतं.

श्टुटगार्टहून

डेर_डी_डास ताई, शंभर टक्के सहमत. इथे येणाऱ्यांसाठी एक उपयोगी माहिती देऊन ठेवतो: भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे. भारतीय कंपनीने ठरावीक मुदतीसाठी इकडे पाठवलं असेल तर भविष्यनिर्वाह निधीचं प्रमाणपत्र घेऊन या, इथली निवृत्तिवेतनाची वर्गणी दुहेरी कापली जात नाही. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांचे पैसे गेलेले मी पाहिलेत.

नटबोल्ट

सगळे बोलतायत ते ठीक, पण आत्ता दारात उभं असलेल्या संकटाबद्दल लिहितो. मी चाकणजवळ फास्टनर करतो. बोल्ट, स्टड, थोडे स्पेशल नट. तीस टक्के माल जर्मनीतल्या एका वितरकाला जातो.

युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर, ज्याला सगळे ‘सीबॅम’ म्हणतात, ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देण्यापुरता होता, जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशांचा. त्यात पोलाद आहे, अॅल्युमिनियम आहे, आणि लोकांना ठाऊक नसतं पण स्क्रू-बोल्ट-नटसुद्धा आहेत. गाडीचा तयार भाग नाही, पण बोल्ट आहे. कर भरायचा तिकडच्या आयातदाराने. पण तो किती भरायचा, हे माझ्या मालात किती कार्बन गेला त्यावर ठरतं. मी आकडा दिला नाही तर ठरवून दिलेला जादा आकडा धरतात. मग माझा माल महाग पडतो आणि ऑर्डर तुर्कस्तानला जाते.

आता हा आकडा काढायचा कसा? माझ्या शेडमधली भट्टी आणि वीज मी मोजू शकतो. पण मोठा वाटा तारेच्या कॉइलमध्ये आहे. ती पोलाद कारखान्यात कोळशाच्या झोतभट्टीतून आली की विजेच्या भट्टीतून भंगार वितळवून, यावर सगळं अवलंबून. मी व्यापाऱ्याकडून पाच-पाच टन उचलतो. त्याला विचारलं तर म्हणतो, टेस्ट सर्टिफिकेट देतो, कार्बनचं मला काय माहीत. मोठ्या कंपन्या थेट कारखान्यातून घेतात, त्यांना कागद मिळतो. लहान माणसाला मिळत नाही.

वर्षाला ५० टनांच्या आत आयात करणाऱ्याला युरोपने सूट दिली आहे, पण माझा वितरक त्याच्या कितीतरी पुढे आहे.

शिवाय जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा, म्हणजे पुरवठादाराकडे कामगारांना कसं वागवतात ते कंपनीला तपासायला लावणारा. जानेवारी २०२३ पासून ३ हजारांवर आणि २०२४ पासून १ हजारावर कामगार असलेल्या कंपन्यांना लागू. तो मला थेट लागू नाही. पण प्रश्नावली मलाच येते. कंत्राटी कामगारांना किमान वेतन देता का, आगीपासून सुटकेचा रस्ता आहे का. खेड_तालुका, तुमचे प्रश्न तिकडचा कायदा विचारतोय. मला सुरुवातीला राग आला होता. नंतर उत्तरं लिहिताना लक्षात आलं की दोन उत्तरं मला खरी लिहिता येत नाहीत. मग मागचा दरवाजा फोडून घेतला आणि हेल्परांचा प्रॉव्हिडंट फंड सुरू केला.

राज्याने श्टुटगार्टशी बोलताना हे मांडावं. लहान कारखान्यांचा कार्बन मोजून देणारं सोयीचं केंद्र भोसरीत किंवा चाकणला उभं राहिलं, तर त्याचा उपयोग दहा शिष्टमंडळांपेक्षा जास्त होईल.

अर्थवेध

नटबोल्ट यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

त्याच्या जोडीला एक. आपल्या बाजूलाही गुंतागुंत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा-फोक्सवॅगनला सुमारे १.४ अब्ज डॉलरची मागणी पाठवली. वाद असा की गाडीचे भाग सुटे म्हणून आणले की जोडणीसाठीचा संच म्हणून. सुट्यांवर ५ ते १५ टक्के शुल्क, संचावर ३० ते ३५. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण भाग इथेच, भोसरी-चाकणला झाला असता तर हा वाद उद्भवलाच नसता. भोसरीकरांच्या ‘मिळून भाग विकसित करा’ या म्हणण्याला हा सरळ पैशांतला आधार आहे.

मुळाकाठ

उलटा प्रवासही नोंदवून ठेवू. मुंढव्याच्या भारत फोर्जने २००४ च्या सुमारास एनेपेटालची ‘कार्ल डान पेडिंगहाउस’ ही जुनी फोर्जिंग कंपनी विकत घेतली. आकुर्डीच्या बजाज ऑटोने नोव्हेंबर २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला, तो वाढवत नेला, चाकणला त्यांच्या मोटारसायकली केल्या. २०२४ च्या अखेरीस ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा तिला उभं करायला ८० कोटी युरो बजाजने उभे केले. ऑस्ट्रिया म्हणजे जर्मनी नव्हे, पण ड्रॉइंगची भाषा तीच. ज्यांची ड्रॉइंग यायची त्यांच्या कारखान्यांत पुण्याचा पैसा गेलाय. हे मोठ्या घरांना जमलं. मधल्यांना कधी जमेल, हाच धाग्याचा प्रश्न दिसतो.

भोसरीकर

सगळ्यांचे आभार. रात्री दोनदा वाचून काढलं.

नटबोल्ट, तुमच्या तारेच्या प्रश्नावर एक सुचतं. माझ्या ओळखीचे जे ब्लॉक आणि एस ब्लॉकमधले सात-आठ जण असाच तुटक माल उचलतात. एकट्याने पाच टन घेतले तर कारखाना उभं करत नाही. आठ जणांनी मिळून महिन्याला चाळीस टन घेतले तर थेट बोलता येईल आणि भट्टीचा कागदही मागता येईल. श्टुटगार्टहून, तुम्ही वितरक कार्बनची माहिती ज्यात मागतात तो नमुना-तक्ता मराठीत समजावून देऊ शकलात तर फार बरं. डेर_डी_डास ताई, प्रश्नावली जर्मनमध्ये आली तर तुम्हाला त्रास देणार आहे.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. या गुरुवारी सकाळी साडेदहाला माझ्या शेडमध्ये बसू. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता पाठवतो. येताना गेल्या सहा महिन्यांची वीजबिलं आणि तारेच्या खरेदीची बिलं आणा. खेड_तालुका, तुम्हीही या. कंत्राटी पोरांचं तुम्ही जे लिहिलंत ते त्या प्रश्नावलीत आम्हाला खरं लिहायचं आहे, तर तुमच्याकडून ऐकायला हवं.

मी त्या सेटर मुलालाही निरोप दिलाय. त्याने आणखी एका फिक्स्चरची कल्पना सांगितली होती, ती अजून कुणाच्याच ड्रॉइंगवर नाही. आपल्या नावाने करून बघायची आहे.

नटबोल्ट

येतो. बिलं आठ महिन्यांची आहेत, सगळी आणतो. व्यापाऱ्याची जुनी टेस्ट सर्टिफिकेटंही आणतो, त्यावर हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) असतो, त्यावरून कुठल्या कारखान्याची तार आहे ते शोधता येईल.

खेड_तालुका

मीही येतो. तळेगाव चौकातून निघायचंय, त्यामुळे साडेदहाला पोचायला सव्वाआठला घर सोडेन.